मुलचेऱ्याचें रान आणि लिंगोचें गाणें

चांद्याहून आग्नेयेस निघावें, गोंडपिपरी मागें टाकावी, आष्टीजवळ वैनगंगेचा पूल ओलांडावा आणि आल्लापल्लीच्या सडकेनें रानांत शिरावें, म्हणजे मुलचेऱ्याचा मुलूख लागतो. चंद्रपूर हें नांव सरकारी कागदांत रूढ होऊन साठ वर्षें होऊन गेलीं आहेत. परंतु ज्या काळाच्या गोष्टी पुढें सांगावयाच्या आहेत त्या काळीं तें चांदाच होतें, म्हणून येथें तेंच नांव ठेवितों. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस वैनगंगेच्या कांठचें मार्कंड्याचें देवालय ऐकून तरी ठाऊक असतें. महाशिवरात्रीस तेथें मोठी यात्रा भरते. त्याच्याहि खालीं, चपराळ्याजवळ, वर्धा आणि वैनगंगा एकमेकींस भेटतात आणि प्राणहिता हें नांव घेऊन गोदावरीस मिळावयास जातात. बारा वर्षांनीं प्राणहितेचा पुष्कर येतो, तेव्हां आंध्र-तेलंगणांतून सिरोंच्यास माणसांचा पूर लोटतो. तो शेवटीं २०२२ च्या एप्रिलांत आला होता. पण यात्रेकरू नदीच्या कांठाकांठानेंच येतो नि जातो. कांठ सोडून आंत वळण्याचें कारण त्याला पडत नाहीं, आणि मुलचेरा हें आंत आहे.

या रानांत साग आहे, बांबू आहे, मोह आणि तेंदू आहेत. चपराळ्याच्या भोंवतालचा भाग १९८६ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पावसाळ्यांत दिना नदीला पूर आला म्हणजे एका गांवाचा दुसऱ्या गांवाशीं संबंध तुटतो, आणि मग वर्तमानपत्रांत चार ओळी येतात. एरवीं या तालुक्याचें नांव पुण्या-मुंबईच्या पत्रांत येण्याचा प्रसंग क्वचितच. पूर्वीं हा सारा प्रदेश गोंड जमीनदारांचा. १८५८ सालीं याच पट्ट्यांत मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाके या पंचविशींतील तरुणानें इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललें. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्याला येऊन मिळाले. त्याच वर्षीं २१ ऑक्टोबरला बाबूरावास चांद्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आली. हें साल वाचकांनीं मनांत ठेवावें. कारण बाबूराव या रानांत लढत होता त्याच सुमारास, येथून शे-दीडशें मैलांवर नागपुरांत, एक स्कॉच पाद्री बाबूरावाच्याच जातभाईंची भाषा आणि गाणीं कागदावर उतरून घेण्याच्या खटपटींत होता.

मुलचेरा हें गांव मुद्दाम जाऊन पाहण्यासारखें आहे असें मी म्हणणार नाहीं. तालुक्याची कचेरी, किराण्याचीं नि चहाचीं दुकानें, एस. टी. ची वाट पाहणारीं माणसें. असें कोणत्याहि लहान तालुक्याच्या गांवीं असतें तेंच. येथें पाहण्यापेक्षां ऐकण्यासारखें अधिक आहे. दुकानाच्या बांकावर अर्धा तास स्वस्थ बसलें तर चार भाषा कानांवर येतात. माडिया आणि गोंडी बोलणारीं माणसें रानांतल्या पाड्यांतून आलेलीं असतात. दक्षिणेकडून तेलुगु येते. मराठी सर्वांची मधली. आणि चवथी बंगाली! पूर्व पाकिस्तानांतून घरदार सोडून आलेल्या हिंदु निर्वासितांपैकीं कित्येक कुटुंबांना सरकारनें १९६० नंतरच्या दशकांत येथें जमिनी देऊन वसविलें. सुंदरनगर, विवेकानंदपूर, कालीनगर, खुदिरामपल्ली, देशबंधुग्राम हीं गांवांचीं नांवें गडचिरोली जिल्ह्याच्या नकाशावर वाचून नवख्या माणसास आपण वाट चुकलों असें वाटावें. शरदांत तेथें दुर्गापूजेचे मांडव उभे राहतात, आणि तळें धरून मासे पाळण्याची बंगाली हौस या रानांतहि चालू आहे. निर्वासितांची तिसरी पिढी आतां मराठी बोलते, तीहि पूर्व विदर्भाच्या खास हेलांत.

बंगाली आणि नागपुरी मराठी यांची ही शेजारवस्ती पाहून मला एका फार जुन्या जोडीची आठवण झाली. १८०४ सालीं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत मराठी शिकविण्याचें काम विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याकडे आलें. केरी मूळचा चांभारकाम करणारा, पुढें धर्मोपदेशक झालेला. श्रीरामपूरास त्याचें ठाणें आणि छापखाना. मराठी शिकवावयाची ती त्याला कोणी शिकविली? वैजनाथशास्त्री या नागपूरकडील पंडितानें. १८०५ सालीं केरीचें मराठी व्याकरण निघालें, त्याच वर्षीं मत्तयाच्या शुभवर्तमानाचें मराठी भाषांतर निघालें, १८१० सालीं कोश आला. आणि या साऱ्यामागें हा शास्त्रीबोवा होता. १८१४ त सिंहासनबत्तिशी नि १८१५ त हितोपदेश हीं मराठी पुस्तकें त्याच छापखान्यांतून निघालीं तीं वैजनाथांच्या नांवावर आहेत. मराठी मुद्रणाचा आरंभ असा बंगालच्या भूमींत, नागपूरच्या ब्राह्मणाच्या तोंडून नि इंग्रज पाद्र्याच्या खर्चानें झाला. पुढें कोंकण-मुंबईकडील मिशनऱ्यांना हें पूर्वेकडील वळणाचें मराठी पसंत पडलें नाहीं आणि त्यांनीं आपलीं भाषांतरें नव्यानें केलीं, ही गोष्ट वेगळी. जसा गुरु तशी बोली. केरीला पुण्याचा शास्त्री भेटता तर तो पुण्याचें मराठी लिहिता.

परधर्म सांगावयास आलेला मनुष्य आधीं कोणाचा तरी शिष्य होतो, या गोष्टीकडे आपल्या लोकांचें फारसें लक्ष गेलें नाहीं. मिशनरी म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें चौकांत उभा राहून आपल्या देवांची निंदा करणारा गोरा मनुष्य येतो. तसे होते आणि पुष्कळ होते. परंतु हा वाद त्यांच्या स्वतःच्या घरांतहि पहिल्यापासून आहे. ख्रिस्ती लोकांच्या 'प्रेषितांचीं कृत्यें' या ग्रंथांत तो पाहावयास मिळतो. पौल हा आरंभीं ख्रिस्ती मंडळीचा छळ करणारा. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीना. तेव्हां बर्णबा नांवाच्या वडीलधाऱ्या सद्गृहस्थानें त्याचा हात धरला, त्याला यरुशलेमेंत इतरांपुढें नेलें, पुढें तार्सास जाऊन शोधून अंत्युखियास आणलें आणि कामाला लावलें. थोड्याच वर्षांत शिष्य गुरूच्या पुढें गेला, आणि बर्णबानें तें निमूटपणें चालूं दिलें. नंतर मार्क नांवाच्या एका तरुणावरून दोघांत बिनसलें. तो एकदां अर्ध्या वाटेवरून परतला होता म्हणून पौल त्याला पुन्हां बरोबर घेईना; बर्णबा त्याला घेऊन वेगळ्या वाटेनें गेला. आपल्या एकत्र कुटुंबांतील थोरल्या काकांसारखा हा मनुष्य मला वाटतो. त्याच ग्रंथांत यरुशलेमच्या सभेची हकीकत आहे. जे यहुदी नाहींत त्यांनीं ख्रिस्ती होतांना यहुद्यांचे सारे आचार उचलावे काय, हा तेथें प्रश्न होता, आणि उचलूं नयेत असा निर्णय झाला. केवळ थोडीं पथ्यें सांगण्यांत आलीं. धर्म एक गोष्ट आणि जेवणखाण, पोषाख, भाषा ही दुसरी, असें ठरलें म्हणा ना. ज्यांच्या घरीं हा निर्णय इतक्या पूर्वीं झाला होता, त्यांच्याच वंशजांनीं आमच्या देशांत बाप्तिस्म्याबरोबर पाटलोण आणि सुरी-कांटाहि आणला, ही मौजेची गोष्ट खरी!

मौजेची म्हणतों, पण ज्या घरांवर तो प्रसंग आला त्यांना ती मौज नव्हती. १८४३ सालीं मुंबईंत नारायण शेषाद्रि हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला, आणि त्याच्या मागून त्याचा बाराएक वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या घरीं जाऊन राहिला. घरच्या मंडळींनीं कोर्टांत धांव घेतली. मुलगा परत मिळाला. पण परत आलेल्या मुलाला पंगतीस घ्यावयाचें कोणी? बाळशास्त्री जांभेकरांनीं त्याची बाजू घेऊन प्रायश्चित्ताची खटपट केली, तेव्हां सनातनी पक्ष त्यांच्यावरच उलटला. एका मुलावरून साऱ्या मुंबईच्या ब्राह्मणमंडळींत दोन तट पडले. आपल्यापैकीं कित्येकांच्या आजे-पणज्यांच्या बोलण्यांत मिशनच्या शाळेविषयीं जी भीति असे, तिचें मूळ अशा प्रकरणांत आहे. तिला नुसतें सोंवळें म्हणून हंसण्यांत अर्थ नाहीं.

या प्रकरणाचा धुरळा पुरता बसला नव्हता तोंच, १८४४ च्या डिसेंबरांत, स्टीफन हिस्लॉप मुंबईस उतरला. वय सत्तावीस. नेस्बिटसाहेबांसारखे अस्खलित मराठी बोलणारे जुने मिशनरी मुंबईंत होते. त्यांच्याकडून चार गोष्टी ऐकून तो पुढच्या फेब्रुवारींत नागपुरास पोंचला. कामठीच्या छावणींतील हिल नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें दिलेल्या देणगीवर हें नवें मिशन उभें होतें. त्याच्या आधीं, १८४२ सालीं, कांहीं जर्मन मिशनरी गोंडांत राहण्यासाठीं अमरकंटकाजवळ करंजिया या गांवीं गेले होते. स्वतः नांगर धरावा, स्वतःच्या हातांनीं घर बांधावें आणि मग उपदेश करावा, असा त्यांचा बेत होता. पहिल्याच पावसाळ्यांत पटकीनें त्यांतले बहुतेक गेले. वांचलेल्यांपैकीं कोणी दक्षिणेस येऊन पुढें हिस्लॉपच्या कामांत मिळाले. बेत चांगला होता. पण कोणत्या झऱ्याचें पाणी प्यावें नि पावसाळ्यांत कोठें निजूं नये, हें सांगणारा गोंड शेजारी जोडण्याइतका अवकाशहि त्यांना मिळाला नाहीं.

हिस्लॉप एकोणीस वर्षें नागपुरांत राहिला. भोसल्यांचें राज्य त्यानें पाहिलें, १८५४ त तें खालसा झालेलें पाहिलें, सत्तावन सालहि पाहिलें. त्यानें शाळा काढली. विद्यार्थ्याच्या धर्मांतरावरून दरबाराशीं त्याचा खटका उडाला, तो उडावयाचाच होता. दगड पाहण्याचा त्याला नाद होता. रॉबर्ट हंटर या सोबत्याबरोबर नागपूरजवळच्या टाकळीस हिंडतांना दगड झालेले जीव त्याला सांपडले आणि त्या शोधानें विलायतेंतील भूगर्भशास्त्रज्ञांत त्याचें नांव झालें. मांगलीस मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचें वर्णन खुद्द रिचर्ड ओवेननें केलें. हिंवाळ्यांत दौऱ्यावर निघावें, खेड्यांत उपदेश करावा, वाटेंत दगड उचलावे आणि रात्रीं तंबूंत शब्द टिपावे, असा त्याचा क्रम. या तिन्हींपैकीं उपदेशाचें फळ सर्वांत थोडें आलें, असें त्याच्या पश्चात् उरलेल्या कार्यावरून तरी दिसतें.

शब्द कसले? गोंडांच्या निरनिराळ्या बोलींतले. गोंडी ही संस्कृतापासून निघालेली नसून तेलुगु-तामिळांच्या घराण्यांतील आहे, हें त्या वेळच्या थोड्याच लोकांना उमगलें होतें. शब्दांवर तो थांबला नाहीं. गोंडांचें एक मोठें गाणें आहे. सृष्टि कशी झाली, गोंड कोठून आले, त्यांना शेती, देवपूजा आणि लग्नाच्या रीति कोणी शिकविल्या, हें त्यांत आहे. तें हिस्लॉपनें एका परधानाच्या तोंडून उतरून घेतलें. परधान म्हणजे गोंडांचे भाट. गोंडाच्या घरीं किंगरी वाजवून त्याच्या कुळाची कथा गाणें, मरणाच्या प्रसंगीं हजर राहणें आणि त्याबद्दल हक्काचें दान घेणें, हें त्यांचें परंपरागत काम. गोंड त्यांना आपल्यापेक्षां खालचे मानीत, पण त्यांच्यावांचून देवकार्य पुरें होत नसे. नागपूर-चांद्याकडील परधान घरांत बहुधा मराठी बोलतात, आणि येथेंच त्यांचें महत्त्व आहे. गोंडीचा ठेवा ज्याच्या कंठांत आणि मराठी ज्याच्या जिभेवर, असा मनुष्य पाद्र्याला दुसरा कोण मिळणार होता?

गाण्यांतील कथा अशी. महादेवानें गोंडांना धवलगिरीच्या गुहेंत कोंडून टाकलें. त्यांतून चार भाऊ निसटून रानांत जाऊन राहिले. फुलांतून जन्मलेला लिंगो त्यांना भेटला. त्यानें त्यांना रान तोडून भात पेरावयास शिकविलें, विस्तव नव्हता तर एका राक्षसाच्या घरून विस्तव मिळवून दिला, वाद्यें वाजवून त्यांना नाचविलें. पुढें त्याच भावांनीं खोट्या संशयावरून लिंगोला ठार मारलें. तो पुन्हां जिवंत झाला, कोंडलेल्या गोंडांना त्यानें गुहेंतून सोडविलें, त्यांचीं कुळें पाडून दिलीं, देव दिले, लग्नाचा विधि घालून दिला आणि निघून गेला. आपल्याच माणसांच्या हातून मेलेला आणि मरून उठलेला उद्धारकर्ता! तंबूंत कंदिलाच्या उजेडांत ही कथा लिहून घेतांना त्या पाद्र्याच्या मनांत काय चाललें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. त्यानें ती वांकविली नाहीं, हें मला विशेष वाटतें. गोंडी शब्द जसाच्या तसा रोमन लिपींत लिहून त्याच्याखालीं एकेका शब्दाचा अर्थ, अशी त्याची पद्धत होती. महादेव-पार्वतीचा भाग परधानांनीं शेजारच्या हिंदूंपासून उचलून जोडला, असें पुढील विद्वानांनीं म्हटलें आहे, तें संभवतें. भाट ज्या मांडवांत गातो त्या मांडवाचा रंग त्याच्या गाण्याला चढावयाचाच.

हिस्लॉपच्या हातून हें छापून निघालें नाहीं. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं तो मध्यप्रांताचे मुख्य अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर टाकळघाटास जुनीं शिळावर्तुळें पाहण्यास गेला होता. परततांना रात्र झाली. बोरीजवळच्या नाल्यास पूर आला होता आणि हा एकटाच घोड्यावर मागें होता. त्यांत तो वाहून गेला. टेंपलसाहेबांनीं त्याचे अर्धवट कागद गोळा करून १८६६ सालीं छापविले, त्यांत हें गाणें आहे. फोर्साईथनें १८७१ त त्याचें इंग्रजी पद्य केलें, आणि तेव्हांपासून गोंडांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला लिंगोपाशीं थांबावें लागतें. नागपुरांत १८८३ सालीं निघालेल्या कॉलेजास हिस्लॉपचें नांव आहे. एका खनिजासहि त्याचें नांव दिलेलें आहे. ज्यानें गाणें सांगितलें त्या परधानाच्या नांवानें नागपुरांत एक दिव्याचा खांबहि नाहीं. वैजनाथशास्त्र्यांचें तसें झालें नाहीं, कारण त्यांना लिहितां येत होतें.

येथें कोणी विचारील, हा सारा खटाटोप धर्म बाटविण्यासाठींच ना? होय, हिस्लॉपनें तो हेतु कधीं लपविला नाहीं, आणि आपणहि तो झांकूं नये. भाषा शिकणें हें त्याच्या दृष्टीनें साधन होतें. पण साधनाची एक गंमत असते. मनुष्य दहा वर्षें दुसऱ्याची भाषा शिकला कीं त्याच्या मनाचा कांहीं भाग त्या घरींच राहूं लागतो. कित्येकांच्या बाबतींत तो सगळाच राहिला. याचें मोठें उदाहरण हिस्लॉपनंतर सत्तर वर्षांनीं घडलें, तेंहि त्याच करंजियांत. आणि त्याची सुरुवात आपल्याच एका घरांत आहे.

नारायण वामन टिळक हे कांहीं काळ नागपुरांत होते; अप्पासाहेब बुटींच्या आश्रयानें त्यांनीं तेथें लेखन-संपादन केलें. नागपूर-राजनांदगांवच्या आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांच्या हातीं बायबल दिलें, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, तोहि आग्रहानें एका हिंदी पाळकाच्या हातून. त्या दिवशीं लक्ष्मीबाईंवर जो डोंगर कोसळला त्याचें वर्णन त्यांच्या 'स्मृतिचित्रां'त आहे, आणि तें न वाचलेलें मराठी घर विरळा. पुढें पांच वर्षांनीं त्याहि ख्रिस्ती झाल्या. नगरच्या अमेरिकन मिशनांत ह्यूम, अॅबट यांच्यासारखे जाणते गृहस्थ टिळकांना भेटले. टिळकांनीं कीर्तन सोडलें नाहीं, अभंग सोडला नाहीं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते मानीत. या मंडळींनीं त्यांना अडविलें नाहीं एवढेंच नव्हे, तर त्यांचें ऐकून आपलें वळण बदललें. अॅबटसाहेबांनीं तर म्हातारपणीं अमेरिकेंत बसून आपल्या संतांचीं चरित्रें इंग्रजींत आणण्याचें काम हातीं घेतलें. कोण कोणाला शिकवीत होतें, हें तेथें सांगणें कठीण. शेवटीं १९१७ त टिळकांनीं मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. दोन वर्षांनीं ते वारले.

त्यांच्या प्रभावांत आलेल्यांपैकीं जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्यानें १९२३ त त्यांचें चरित्र लिहिलें, आणि त्याच्या एक वर्ष आधीं ख्रिस्त सेवा संघ नांवाचा आश्रम काढला. १९२७ त तो पुण्यास आला. खादी नेसावी, जमिनीवर बसून शाकाहारी अन्न घ्यावें, हिंदी आणि गोरे यांनीं एका ओळींत बसावें, असा तेथील क्रम. त्याच सालीं ऑक्सफर्डचा एक तरुण विद्वान त्या आश्रमांत दाखल झाला, त्याचें नांव व्हेरियर एल्विन. तो साबरमतीस गेला, गांधीजींच्या प्रेमांत पडला. आणि जमनालाल बजाज व वल्लभभाई पटेल यांच्या सांगण्यावरून त्याचें लक्ष गोंडांकडे वळलें. १९३२ च्या जानेवारींत शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्राला बरोबर घेऊन तो करंजियास जाऊन राहिला.

आतां पुन्हां आपण मुलचेऱ्याच्या बाजूस येतों. या भागाचे त्या वेळचे बिशप अलेक्झांडर वुड नागपुरास असत. पण त्यांच्या उमेदीचीं वर्षें स्कॉटिश मिशनचे पाद्री म्हणून चांद्यास गेलीं होतीं. रानाची आणि गोंडांची त्यांना माहिती नव्हती असें कोण म्हणेल? तरीहि त्यांनीं एल्विनला धर्मोपदेशाचा परवाना दिला नाहीं. एल्विनचे काँग्रेसशीं लागेबांधे होते. शिवाय गोंडांना ख्रिस्ती करण्याचें काम तो करीना. दवाखाना चालवीन, शाळा काढीन, महारोग्यांची सेवा करीन, पण धर्म बदल असें म्हणणार नाहीं, ही त्याची भूमिका. वुडसाहेबांच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें आहे. ज्या मिशनचा मुख्य हेतुच जो पाळीत नाहीं त्याला त्या मिशनची सनद काय म्हणून द्यावी? एल्विननें सनद सोडली, आणि १९३५ च्या सुमारास चर्चहि सोडलें. पुढें त्याचे गोंड, बैगा आणि मुरिया यांच्यावरील मोठमोठे ग्रंथ निघाले. १९५४ त तो हिंदी नागरिक झाला आणि ईशान्येकडील वनवासींच्या बाबतींत सरकारचा सल्लागार झाला. शामरावांनींहि १९४६ सालीं नर्मदेकडील परधानांवर एक ग्रंथ लिहिला. हिस्लॉपच्या भाटाचें ऋण कोणी फेडावयाचा प्रयत्न केला असेल, तर तो या मराठी माणसानें.

परंतु एल्विनला देव करण्याची घाई नको. १९४० त त्यानें कोसी नांवाच्या अगदीं कोवळ्या वयाच्या गोंड मुलीशीं लग्न केलें, १९४९ त काडीमोड झाली. तो पुढें कीर्तीच्या शिखरावर गेला, आणि तिनें मंडल्याच्या बाजूस उरलेलें आयुष्य हलाखींत काढलें. दुसऱ्याच्या समाजांत मिसळून जाण्याचा हाहि एक प्रकार. त्याची किंमत कोणी दिली तें उघड आहे. मनुष्य दुसऱ्यांच्या रीतिभाति कितीहि जाणो, परत जाण्याची वाट त्याला एकट्यालाच मोकळी असते. लक्ष्मीबाईंना निदान लेखणी होती.

मुलचेऱ्यापासून पूर्वेस भामरागडच्या रानांत, हेमलकशास, १९७३ सालीं बाबा आमट्यांनीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेथें धर्माचा प्रश्न नव्हता, पण डॉ. प्रकाश आमटे यांना आधीं माडिया भाषा शिकावी लागली, तेव्हां कोठें रोगी बोलूं लागले. त्याच जिल्ह्याच्या उत्तरेस, धानोरा तालुक्यांत, मोहगांवच्या ग्रामसभेनें २०१९ सालीं गोंडी भाषेंतून शिकविणारी स्वतःची शाळा काढली. शिक्षणखात्यानें पुढें तिला अनधिकृत ठरविलें, तेव्हां ग्रामसभेनें आपल्या स्वशासनाच्या हक्काचा आधार घेतला. म्हणजे आतां पाद्र्याच्या जागीं आपण आहोंत. मराठी शाळा ही या रानांत आपली मिशनशाळाच आहे. सहा वर्षांचें माडिया मूल तिच्या दारांत उभें राहतें तेव्हां त्याला मास्तरांचें एक वाक्य कळत नाहीं, आणि मास्तर पुण्याकडच्या छापील पुस्तकांतून त्याला समुद्राची भरती-ओहोटी समजावून देत असतात. मुलचेऱ्याच्या एखाद्या वर्गांत एका बांकावर बंगाली बोलणारें मूल, शेजारीं गोंडी बोलणारें, असेंहि असावयाचें. त्यांतल्या त्यांत जो मास्तर मधल्या सुटींत मुलांच्या शब्दांना काय म्हणतात तें विचारून घेतो, त्याच्या वर्गांतलीं मुलें टिकतात, असें त्या भागांत नोकरी केलेले शिक्षक सांगतात. त्या मास्तरांना कोणी बक्षीस देत असल्याचें ऐकिवांत नाहीं.

वाचकांपैकीं कोणास त्या बाजूस जाण्याची इच्छा झाली तर पावसाळा टाळावा, फाल्गुनांत जावें. चांद्याहून आष्टीपर्यंत एस. टी. मिळते, पुढची वाट विचारीत जावें लागतें. त्या दिवसांत रानांत मोह गळूं लागतो आणि पहांटे सारें रान त्याच्या गोडसर वासानें भरून जातें. शाळेंत मात्र जाऊं नये. बरेच बांक रिकामे दिसतात. मुलें आईबरोबर टोपल्या घेऊन फुलें वेचावयास गेलेलीं असतात, आणि कोणतें झाड कोणाच्या घरचें, हें तेथल्या पांच वर्षांच्या पोरीलाहि ठाऊक असतें.